सरकारला माल विकायचाय? महाटेंडर्स आणि जेमवर पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

सरकारी कार्यालयाला माल पुरवायचा म्हटलं की अजूनही कुणीतरी सल्ला देतं, "आधी साहेबांना भेटून या." जरूर भेटा. पण खरेदी तीन लाखांच्या वरची असेल तर साहेबही संगणकाकडेच बोट दाखवणार. राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ ला शासकीय खरेदीची नियमपुस्तिका काढली आणि त्यात वस्तूंच्या खरेदीसाठी तीन लाखांवर ई-निविदा ठेवली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ च्या शासन निर्णयाने केंद्राचं जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टलही राज्यातल्या कार्यालयांसाठी आणलं. बांधकामाच्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि त्या बदलत आल्या आहेत. हा लेख वस्तू पुरवणाऱ्यांसाठी आहे: खुर्च्या, कपाटं, स्टेशनरी, संगणक, शाळेचं साहित्य, दवाखान्याचं साहित्य.

मी स्वतः पुरवठादार आहे आणि नवख्या मंडळींच्या शेजारी बसून त्यांच्या निविदा भरून देत आलोय. पोर्टल अवघड नाही, क्रम चुकतो. लोक जाहिरात दिसल्यावर डिजिटल सहीचं डोंगल काढायला धावतात, डोंगल आल्यावर सीएकडे धावतात, आणि शेवटच्या दुपारी बँकेत. खालच्या पहिल्या चार पायऱ्या हातात एकही निविदा नसताना उरकून ठेवायच्या आहेत.

१. दोन दारं आहेत, दोन्ही ओळखून घ्या

महाटेंडर्स (महाटेंडर्स डॉट गव्ह डॉट इन) हे राज्याचं ई-निविदा संकेतस्थळ. ते एनआयसी या केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या जेपनिक प्रणालीवर चालतं. इतर बरीच राज्येही हीच प्रणाली वापरतात, त्यामुळे एकदा हात बसला की मध्य प्रदेशाची निविदा भरतानाही पडदा ओळखीचा वाटतो. इथे कार्यालय निविदा काढतं आणि तुम्ही कागदपत्रं व दर बंद लिफाफ्यात देता, एवढंच की लिफाफा संगणकातला.

जेम हा बाजार आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने तो सुरू केला. तिथे तुम्ही आपला माल आधी मांडून ठेवता. कार्यालय छोटी खरेदी थेट करतं, मोठीसाठी बिड म्हणजे बोली काढतं.

कुठून सुरुवात करायची? तुमचा माल ठरीव स्वरूपाचा असेल (प्रिंटर, कागद, खुर्ची) तर दोन्हीकडे नोंदणी करा. मापाप्रमाणे बनवून द्यायचा किंवा बसवून द्यायचा असेल तर महाटेंडर्सवर जास्त काम सापडेल.

२. डोंगल

डिजिटल सही म्हणजे डीएससी. ती यूएसबी टोकनमध्ये येते, म्हणून सगळे डोंगलच म्हणतात. क्लास ३ चीच घ्या. क्लास २ देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद झालं आहे, तरी कुणाच्या तरी कपाटातलं जुनं टोकन "चालतंय की" म्हणून पुढे केलं जातं. घेताना सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही प्रमाणपत्रं असलेलं मागा. पॅन, आधार, मोबाइलवर व्हिडिओ पडताळणी, एवढ्यावर काम होतं.

डोंगल कुणाच्या नावावर, हा खरा प्रश्न. मालकी फर्म असेल तर मालकाच्या. भागीदारी किंवा कंपनी असेल तर ज्याला सहीचा अधिकार दिलाय त्याच्या, आणि त्या अधिकाराचं पत्र किंवा ठराव फाईलमध्ये हवा. निविदा भरून देणाऱ्या एजंटाच्या नावाच्या डोंगलवर तुमची निविदा कधीही भरू नका. पुढे वाद झाला तर सही त्याची, अनामत तुमची.

आणखी दोन गोष्टी. पिन चुकीचा टाकत राहिलात तर टोकन लॉक होतं आणि ते नेमकं मुदतीच्या दिवशी होतं. पिन घरात दोघांना माहीत असू द्या. प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा. नवीन घेतल्यावर ते पोर्टलवर पुन्हा नोंदवावं लागतं, आपोआप चालू होत नाही.

३. कागदांची फाईल

प्रत्येक निविदेत मागणी थोडी वेगळी असते, पण गाभा हाच:

- पॅन आणि जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, सोबत अलीकडची जीएसटी रिटर्न
- दुकान नोंदणी (गुमास्ता). कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त सूचना द्यायची असते, तिची पावती
- उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्राची नोंदणी)
- मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र, यूडीआयएन क्रमांकासह (प्रमाणपत्र खरं आहे का, हे ऑनलाइन तपासायचा क्रमांक)
- पूर्वीच्या पुरवठ्याचे आदेश आणि माल समाधानकारक मिळाल्याचे दाखले
- काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र
- तुम्ही उत्पादक नसाल तर उत्पादकाचं अधिकारपत्र
- भागीदारीपत्र किंवा कंपनीची कागदपत्रं, रद्द केलेला धनादेश

यातली दोन रखडतात. उत्पादकाचं अधिकारपत्र बहुतेक वेळा त्या निविदेचा क्रमांक घालून मागितलेलं असतं आणि कंपनीचा विभागीय माणूस ते एकाच वितरकाला देतो. निविदा निघाल्या दिवशीच फोन करा. दुसरं, अनुभवाचे दाखले. माल पोचला, बिल निघालं, की कुणाला दाखला मागायचं सुचत नाही, आणि दोन वर्षांनी ते अधिकारी बदलून गेलेले असतात. पुरवठा झाल्या आठवड्यातच अर्ज देऊन दाखला घ्या.

सगळं स्कॅन करताना कृष्णधवल आणि १०० डीपीआय पुरतं. रंगीत, भारी स्कॅनच्या पंधरा-वीस एमबीच्या फाइली तालुक्याच्या इंटरनेटवर चढत नाहीत. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, मोकळी जागा किंवा चिन्हं न घालता द्या.

४. महाटेंडर्सवर नोंदणी

मुखपृष्ठावर ऑनलाइन बिडर एनरोलमेंट आहे. लॉगिन आयडी म्हणजे तुमचा ईमेल, आणि तो नंतर बदलता येत नाही. म्हणून मुलाचा कॉलेजचा किंवा नोकरी सोडून जाऊ शकेल अशा कारकुनाचा ईमेल नको. फर्मचं नाव पॅनवर जसं आहे तसंच. मग लॉगिन करून डोंगल लावायचं आणि सही नोंदवायची. एकदा एका खात्याला जोडलेली सही दुसऱ्या खात्याला जोडता येत नाही; दोन फर्म असतील तर आधीच विचार करा.

माय डॉक्युमेंट्स नावाची जागा आहे. तिथे नेहमीची कागदपत्रं चढवून ठेवा, दर वेळी चढवावी लागत नाहीत. पण ती तिथे आहेत म्हणून निविदेत गेली, असं होत नाही. प्रत्येक निविदेत हवी ती निवडून जोडावी लागतात. कागद असूनही "सादर केला नाही" असा शेरा पडतो तो इथे.

५. निविदा वाचा, जाहिरात नव्हे

वृत्तपत्रातली जाहिरात फक्त निविदा आहे एवढं सांगते. पूर्ण दस्तऐवज उतरवून घ्या आणि या क्रमाने वाचा: पात्रतेच्या अटी, तांत्रिक तपशील, लिफाफा एकमध्ये (तांत्रिक कागदांच्या) काय हवं त्याची यादी, पुरवठ्याचं ठिकाण व मुदत, दंड, देयकाच्या अटी. ठिकाणाकडे बारीक लक्ष द्या. "जिल्हा परिषद, मुख्यालय" आणि "सर्व पंचायत समित्यांमधील शाळांपर्यंत पोच" यात टेम्पोच्या भाड्याचा फरक नफा गिळून टाकतो.

निविदापूर्व बैठक असेल तर जा, किंवा प्रश्न लेखी पाठवा. एखाद्याच कंपनीच्या कपाटाची मापं मिलिमीटरमध्ये अटीत लिहिलेली दिसली तर हरकत नोंदवायची वेळ तीच. दर उघडल्यावर केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही.

निविदा फेव्हरिटमध्ये टाकून ठेवा म्हणजे शुद्धिपत्रकाची सूचना येते. तरीही भरायच्या दिवशी पान पुन्हा उघडून बघा. शुद्धिपत्रकात नग बदलतात, तारीख बदलते, कधी दरपत्रकाची फाईलच बदलते. जुन्या फाईलमध्ये भरलेले दर मग निरुपयोगी.

नमुना किंवा मूळ प्रतिज्ञापत्र कार्यालयात प्रत्यक्ष जमा करायला सांगितलंय का, तेही तपासा. सगळं ऑनलाइन आहे असं धरून चालणारे इथे बाद होतात.

६. बयाणा रक्कम

निविदा फी आणि बयाणा रक्कम (ईएमडी) ऑनलाइन भरायची असते: नेट बँकिंगने, किंवा चलन काढून आरटीजीएस अथवा एनईएफटीने. चलनावर त्या एका व्यवहारापुरता खाते क्रमांक छापून येतो. मागच्या निविदेच्या चलनावर पैसे पाठवू नका, रक्कम रुपयालाही कमीजास्त करू नका, आणि दोन दिवस हातात ठेवून भरा, कारण पैसे पोचल्याची नोंद पोर्टलवर दिसल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. पैसे फर्मच्याच खात्यातून जाऊ द्या. परतावा जिथून आले तिथेच जातो; मेव्हण्याच्या खात्यातून भरले तर मेव्हण्याला मिळतील.

आता सूट. "उद्यम आहे, मला ईएमडी माफ" हे वाक्य दर निविदेला ऐकू येतं. सूक्ष्म व लघु उद्योगांची खरेदीतली सवलत मुळात बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण तिचा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. तुम्ही दुसऱ्याच्या कंपनीची खुर्ची विकत असाल तर सूट मागण्याआधी निविदेतली अट शब्दशः वाचा, आणि शंका असेल तर सरळ पैसे भरा. बयाणा परत मिळतो, बाद झालेली निविदा नाही.

७. दरपत्रक

लिफाफा एक तांत्रिक, लिफाफा दोन आर्थिक. पहिल्या लिफाफ्यात दराचा मागमूसही नको. पत्रकासोबत कोटेशन जोडलं किंवा उत्पादकाच्या पत्रात किंमत राहिली, तरी निविदा बाद होऊ शकते.

दर भरायची एक्सेल फाईल, म्हणजे बीओक्यू, पोर्टलवरूनच उतरवायची. तिचं नाव बदलायचं नाही. "बीओक्यू फायनल" असं नाव दिलंत की ती पोर्टल घेत नाही. एकाच फाईलच्या दोन प्रती उतरवल्या की संगणक आपणहून नावापुढे कंसात १ लावतो, तेही चालत नाही. जुनी काढून टाका. ओळी, रकाने, सूत्रं, कशालाही हात लावू नका. मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्येच उघडा. इतर प्रोग्रॅममध्ये जतन केली की आतली रचना बिघडते.

या फाईलमध्ये मॅक्रो असतात. अलीकडचं ऑफिस इंटरनेटवरून आलेल्या फाईलचे मॅक्रो बंदच ठेवतं आणि वर लाल पट्टी दाखवतं. फाईल बंद करा, तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, तळाशी अनब्लॉकवर टिक करा, मग उघडा. हे माहीत नसल्यामुळे लोक संगणक बदलतात.

भरताना फक्त उघडे ठेवलेले रकाने भरायचे: वर फर्मचं नाव, मग दर. दर म्हणजे एका नगाचा दर. २०० खुर्च्या आहेत, तुमचा भाव १,८५० रुपये आहे, तर १८५० टाका. एकूण म्हणून ३,७०,००० टाकलेत तर फाईल त्याला २०० ने गुणते आणि तुमची निविदा ७ कोटी ४० लाखांची होते. एककही बघा: नग, डझन, रिम, संच.

पुढचा सापळा जीएसटीचा. दर करासह मागितलाय की करावेगळा, ते रकान्याच्या मथळ्यात आणि अटीत दोन्हीकडे तपासा. १८ टक्के कराच्या मालाला करासह १,८५० भरलंत तर तुमच्या पदरात १,५६७ रुपये ८० पैसे पडतात. वाहतूक, चढउतार, बसवणं, वॉरंटीत कारागीर पाठवणं, सगळं त्यातूनच. हिशोब आधी कागदावर करा, मग फाईल उघडा.

शेवटी व्हॅलिडेट बटण दाबा, जतन करा, बंद करा, पुन्हा उघडून खालची बेरीज अक्षरांत वाचा.

८. सादर करणं, म्हणजे फ्रीझ करणं

कागद चढले, दर चढला, पैसे गेले. पडद्यावर सगळ्या टिकल्या हिरव्या. इथेच बरेच जण उठतात. निविदा अजून गेलेली नाही. फ्रीझ बिड सबमिशन हे बटण दाबल्यावर, बिड आयडी आणि वेळ छापलेली पोच आल्यावरच ती गेली. ती पोच पीडीएफमध्ये जतन करा आणि छापूनही ठेवा.

वेळ पोर्टलच्या घड्याळाची, ते पडद्यावर वर फिरत असतं. तुमच्या भिंतीवरचं किंवा मोबाइलचं नाही. मुदत तीन वाजता असेल आणि फाईल दोन अठ्ठावन्नला चढत असेल, तर तीन वाजता पोर्टल तिला मधेच सोडून देतं. आदल्या दिवशी सादर करा. "माझे दर फुटतील" ही भीती सोडा: निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या किल्लीने लिफाफा बंद होतो आणि उघडण्याच्या वेळेआधी तो त्यांनाही उघडत नाही.

दर बदलावासा वाटला तर मुदतीपर्यंत पुन्हा सादर करता येतं. मात्र विथड्रॉ हे वेगळं बटण आहे. ते दाबलंत की त्या निविदेत तुम्हाला परत येता येत नाही.

९. उघडल्यानंतर

तांत्रिक लिफाफा उघडतो, छाननी होते, पात्र ठरलेल्यांचेच दर उघडतात. दोन्हींचा निकाल खात्यात दिसतो. या काळात ईमेल रोज बघा. कार्यालयाने त्रुटीची पूर्तता मागितली तर मुदत दोन-तीन दिवसांचीच असते आणि पत्र ईमेलवर येऊन पडतं, फोन येत नाही. बाद झालात तर कारण लेखी मागा. पुढच्या वेळची फाईल त्यावरूनच सुधारते. कमी निविदा आल्या म्हणून मुदतवाढ किंवा फेरनिविदा होणं नेहमीचं आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

१०. जेमवर

नोंदणी फुकट आहे. त्यासाठी हजारो रुपये मागणारे "अधिकृत" लोक जिल्ह्याच्या प्रत्येक गावात आहेत. तासाभराचं काम आहे, स्वतः करा. आधारशी जोडलेला मोबाइल, पॅन, जीएसटी, उद्यम, बँक खातं हाताशी ठेवा. विक्रेता म्हणून डोंगल लागत नाही, ओटीपीवर भागतं.

खरी मेहनत कॅटलॉगची. योग्य वर्ग निवडा आणि तांत्रिक रकाने मन लावून भरा, कारण बिडमध्ये मागितलेल्या गुणांशी तुमचे रकाने जुळले नाहीत तर माल बरोबर असूनही बिडमध्ये भाग घेता येत नाही. पोचवण्याच्या ठिकाणांत "संपूर्ण भारत" वर टिक करायचा मोह आवरा. सांगलीच्या माणसाला अरुणाचलच्या एका कार्यालयाकडून पाच खुर्च्यांची ऑर्डर आली तर ती नाकारणं महागात पडतं; खातं निलंबित होऊ शकतं. किमान ऑर्डरची संख्या आणि शिल्लक साठा खरा लिहा, आणि भाव वाढला की कॅटलॉगमध्ये त्याच दिवशी बदला. साठा संपला तर शून्य करा.

१० लाखांपर्यंतच्या ऑर्डरवरचं व्यवहार शुल्क ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकलं आहे. जुने यूट्यूब व्हिडिओ पाहून घाबरू नका.

११. ऑर्डर मिळाली, आता पैसे

पुरवठा आदेश आल्यावर आधी सुरक्षा अनामत आणि करारनामा, मग माल. आदेश लेखी हाती येईपर्यंत "साहेब म्हणाले पाठवून द्या" यावर एक खुर्चीही हलवू नका. माल पोचवल्याच्या डिलिव्हरी चलनावर घेणाऱ्याचं नाव, पद, तारीख, शिक्का असा चौकोन पूर्ण करून घ्या. शाळांपर्यंत पोच असेल तर प्रत्येक मुख्याध्यापकाची पोच वेगळी, आणि ती ड्रायव्हरच्या खिशात राहता कामा नये. संध्याकाळी मोबाइलवर फोटो मागवा.

जेमवर माल स्वीकारल्याचा दाखला (सीआरएसी) दहा दिवसांत आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, असा नियम आहे. राज्याच्या कार्यालयांत बिल निधीवर अडतं. बीम्सवर (राज्याच्या अनुदान वाटपाच्या संगणक प्रणालीवर) अनुदान आलंय का, हे लेखा शाखेत विचारायला लाजू नका. मार्चमध्ये सगळ्यांची बिलं एकदम कोषागारात जातात; तुमचं फेब्रुवारीत गेलेलं बरं. तुम्ही स्वतः बनवणारे सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांच्या पुढे उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याजाचा हक्क आहे आणि ऑनलाइन दावा करता येतो. व्यवहारात पहिलं पत्र नम्र लिहा, कायदा दुसऱ्या पत्रात.

बिल आलं की रक्कम कमी दिसेल. करार अडीच लाखांच्या वरचा असेल तर कार्यालय जीएसटीचा टीडीएस २ टक्के कापतं. तो बुडालेला नाही: जीएसटी पोर्टलवर टीडीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन तो स्वीकारला की तुमच्या रोख खात्यात जमा होतो. स्वीकारला नाही तर तिथेच पडून राहतो, आणि कितीतरी पुरवठादारांचा वर्षानुवर्षं पडून आहे. सीएला दर महिन्याला विचारा.

सुरक्षा अनामत वॉरंटी संपल्यावर परत मिळते, पण ती कुणी आपणहून देत नाही. वॉरंटी संपण्याची तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी मूळ पावतीची प्रत जोडून अर्ज द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या.